दांडा उलटा चालतो

माझ्या हातून एक माणूस मरता मरता वाचला, हे मी अजून घरात नीट सांगितलेलं नाही. बायकोला एवढंच माहीत आहे की पवना धरणावर व्याह्यांच्या होडीचं काहीतरी बिघडलं आणि मी नखशिखान्त भिजून घरी आलो. "एवढं काय झालं?" तिनं विचारलं. "काही नाही, पाण्यात उतरावं लागलं," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. पण त्या दिवसापासून चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो मी, आणि तिच्या ते लक्षात आलंय.

मी एसटीचा ड्रायव्हर. रिटायर झालो तरी 'होतो' असं म्हणवत नाही. तीस वर्षं गाडी चालवली, त्यातली निम्मी लोणावळ्याहून खिंड उतरून पवनानगरच्या बाजूला. पावसाळ्यात धुकं असं की स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नाही, एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला दरी. पण माझ्या गाडीखाली कधी कोंबडी आली नाही. हे मी इतक्या वेळा इतक्या लोकांना सांगितलंय की बायको "कोंबडी" शब्द निघाला की आत निघून जाते.

व्याही बोटीवरचे. म्हणजे मोठ्या जहाजांच्या इंजिनखोलीत त्यांचा जन्म गेला. माझी लेक त्यांच्या घरी दिली तेव्हा ते नोकरीतच होते. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी शिडाची होडी घेतली. दोन माणसं झोपतील एवढी खोली, छोटा ओटा, आणि मागच्या बाजूला बसच्या स्टेअरिंगपेक्षा मोठं चाक. ही समुद्रावर चालायची होडी त्यांनी ट्रेलरवर घालून घाट चढवून आणली आणि आमच्या धरणात सोडली. मी त्यांना म्हणायचो, "व्याही, न्हाणीत म्हैस बांधलीत तुम्ही." ते हसायचे. चिडत नाहीत ते. हाच त्यांचा मोठा दोष आहे, भांडताच येत नाही.

गेल्या डिसेंबरात एका सकाळी त्यांचा फोन आला. "व्याही, सुकाणू जड लागतंय. चाक फिरवलं की कटकट आवाज येतो. तुमचा हात स्टेअरिंगवर बसलेला. येताय का बघायला?"

मी काय सांगू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मुलीच्या बापानं व्याह्यांसमोर कायम अर्धं पाऊल मागे उभं राहायचं, आमच्याकडे अजून तसंच आहे. लग्नात मी त्यांचे पाय धुतले, दर दिवाळीला त्यांचा मान केला, आणि या माणसानं मला आजवर कशासाठी म्हणून कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं, तेही स्टेअरिंगचं. मी पान्ह्यांची पिशवी घेऊनच निघालो.

व्याह्यांची काम करायची पद्धत बघून मी मनातून चकित झालो, वर दाखवलं नाही. ते मागच्या फळ्यांखाली आडवे शिरले, तोंडात टॉर्च. चाकापासून एक तारेची वायर निघते, ती पुल्यांवरून फिरून पार मागे सुकाणूला जाते. त्यांनी आधी वायर सुकाणूपासून सोडवली आणि सुकाणू हातानं हलवून बघितलं. लोण्यासारखं फिरत होतं. "म्हणजे इथं दुखणं नाही," ते म्हणाले. मग मला चाक फिरवायला लावलं. जड. "म्हणजे मधे कुठेतरी." मग त्यांनी खिशातला जुना सुती रुमाल काढला आणि वायरीवरून हळूहळू ओढत नेला. एका पुलीपाशी रुमाल अडकला, त्याचे दोरे निघून आले. वायरीतल्या बारीक तारा तुटून बाभळीच्या काट्यासारख्या उभ्या राहिल्या होत्या. पुलीची पिन गंजून बसली होती. पुली फिरतच नव्हती, वायर तिच्यावर घासत होती.

"बदलायला हवी," व्याही म्हणाले. "मुंबईहून यायला आठेक दिवस लागतील. तोवर होडी बांधून ठेवू."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण उंटावरून शेळ्या हाकायची संधी इतक्या वर्षांनी मिळाली होती. "दोन-चार तारा तुटल्या म्हणून कुणी गाडी उभी करतं काय?" मी म्हटलं. "पुलीला तेल द्या, वायर ताणून घ्या. पळंल. आमच्या एका गाडीची क्लचची वायर अख्खा पावसाळा तशीच पळाली."

ते माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलतील असं वाटलं. पण "बरं, तुम्ही म्हणता तर," एवढंच म्हणाले आणि तेलाची बाटली आणायला आत गेले. वायर ताणायचा नट मी स्वतः आवळला. आणि माझी सवय अशी की नट बसला तरी वर अर्धा फेर जास्त द्यायचा. तो मी दिला.

दुपारी शीड चढवलं. तुंग किल्ल्याच्या बाजूनं वारा येत होता, पाण्यावर बारीक लाटा, काठावर पर्यटकांना उतरवून घेणाऱ्या तंबूवाल्यांचे रंगीबेरंगी तंबू. व्याह्यांनी चाक माझ्या हातात दिलं. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, आणि एवढं धूड नुसतं वाऱ्यावर चाललंय. चाक आता हलकं झालं होतं. डावीकडे फिरवलं की डावीकडे, उजवीकडे की उजवीकडे, अगदी गाडीसारखं. "बघा, झालं का न्हाई?" मी व्याह्यांना ऐकवलंसुद्धा.

मग वाऱ्याचा एक झपाटा आला. होडी एका कुशीवर कलली, तोंड वाऱ्याकडे ओढायला लागली. मी तिला सरळ करायला चाक जोरानं फिरवलं, आणि खालून टण्ण असा आवाज आला. चाक माझ्या हातात गरगर फिरलं.

ज्यानं कधी गाडी चालवली नाही त्याला हे समजायचं नाही. ब्रेक गेला तर गिअर आहे, दरड आहे, घासून का होईना थांबता येतं. पण स्टेअरिंग हातात फिरतंय आणि खाली त्याला काहीच जोडलेलं नाही, हे मी तीस वर्षांत स्वप्नातसुद्धा बघितलं नव्हतं. मी चाक फिरवतच राहिलो, एकदा इकडे, एकदा तिकडे. व्याह्यांनी माझा हात धरून थांबवला.

"सोडा ते. गेली वायर," ते म्हणाले. आवाज असा, की जणू दारात पेपर आलाय एवढंच सांगताहेत.

आतल्या गादीखालून त्यांनी हातभर लांबीचा, टोकाला वाकवलेला लोखंडी पाइप ओढून काढला. आमच्या पायाशी फळीत पितळी झाकण होतं, ते किल्लीनं उघडलं, पाइपाचं तोंड खाली सुकाणूच्या उभ्या खुंटावर बसवलं. अडीनडीला लागेल म्हणून ठेवलेला हा सुकाणूचा दांडा. इंजिन त्यांनी दुरुस्तीसाठी काढून काठावर ठेवलेलं, त्यामुळे होडी थांबवायची तर शीडच उतरवायला हवं होतं.

"हे धरा," ते म्हणाले. "मी पुढे जाऊन शीड पाडतो. एक लक्षात ठेवा, हा दांडा उलटा चालतो. उजवीकडे जायचं तर दांडा डावीकडे ढकलायचा."

"कळलं," मी म्हणालो.

आणि मला खरंच कळलं होतं. परीक्षेत विचारलं असतं तर लिहून दिलं असतं. व्याही वाकत वाकत पुढे गेले, दोरी सोडायला लागले, दोरी गाठीत अडकली. होडी तशीच जोरात चालली होती. मला पुढचं काही दिसत नव्हतं, सगळं शिडानं झाकलेलं. आणि व्याही ओरडले. या माणसाचा चढा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"माणूस आहे पुढे! माणूस! उजवीकडे घ्या!"

मी दांडा उजवीकडे ओढला.

होडी डावीकडे वळली. आता शिडाच्या कडेतून मला तो दिसला. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून एक माणूस जाळं टाकत होता. नाकासमोर, जरा डाव्या हाताला. होडी सरळ गेली असती तरी त्याच्या शेजारून गेली असती. आता ती वळून थेट त्याच्यावर चालली होती. आणि गाडी डावीकडे ओढायला लागली की ड्रायव्हर काय करतो? आणखी उजवीकडे कापतो. मी तेच केलं. दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून. डोकं आतून ओरडत होतं, उलटा, उलटा, आणि हात ऐकत नव्हते. तीस वर्षं ज्या हातांच्या जिवावर मी छाती काढून फिरलो, ते हात माझे नव्हतेच.

"बाजूला व्हा! अहो भाऊ, बाजूला व्हा!" मी गळा फाटेस्तोवर ओरडलो.

तो हलला नाही. जागेवर बसून राहिला, माझ्याकडे बघितलं, आणि एक हात वर केला.

मग धडक बसली. मोठा आवाज झाला नाही. कणसांचं पोतं खाली ठेवल्यासारखा झाला. होडीच्या कडेनं रिकामी ट्यूब घसरत मागे आली. पुढे शीड फडफडत खाली आलं, होडी मंदावली, आणि पाण्यावर कुणी नव्हतं.

मला वाटलं, मेला. मी माणूस मारला. हे वाक्य मी मनात तसंच्या तसं ऐकलं, दुसऱ्या कुणी म्हटल्यासारखं. दांडा सोडून मी चपलांसकट उडी मारली. पोहायला येतं मला, पण पासष्टीच्या वर माणूस डिसेंबरच्या पाण्यात पडला की आधी त्याचा श्वासच अडकतो. जाळ्याचे थर्मोकोलचे तुकडे दिसले, ते धरून मी जाळं ओढायला लागलो. जाळं जड लागत होतं. खाली काहीतरी होतं. मी रडत होतो हे मला नंतर व्याह्यांनी सांगितलं.

खाली सुकाणू होतं. जाळं त्याला गुंडाळलं गेलं होतं. तो माणूस पलीकडच्या बाजूनं वर आला होता, खोकत, लोंबणारी दोरी धरून. व्याह्यांनी त्याला वर घेतलं आणि मग त्या दोघांनी मिळून मला काढलं. त्याचा खांदा सोलून निघाला होता, कोपराखालून रक्त येत होतं. बाकी धड होता. मी त्याचे दंड, मान, डोकं पुन्हा पुन्हा चाचपत होतो, खरेदीचा बैल चाचपावा तसा. तो बिचारा चाचपू देत होता.

तंबूवाल्यांच्या मोटरबोटीनं आम्हाला काठाला ओढून आणलं. चहा मिळाला, चादरी मिळाल्या. कुणीतरी त्याच्या खांद्याला हळद लावली. व्याही माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "चूक माझी आहे. ती वायर टिकायची नाही हे मला माहीत होतं."

"मग बोलला का न्हाई?"

"तुम्हाला पहिल्यांदाच बोलावलं होतं," ते म्हणाले. "मुलीकडच्या माणसाचा शब्द तोंडावर कसा मोडायचा? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मी थक्क झालो. मी इतकी वर्षं समजत होतो की मान त्यांना आहे आणि मला नाही. आणि त्यांनी माझा मान राखायला एक जिवावरची गोष्ट पोटात ठेवली होती. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

मग मी तो राग काढायला भलतीच जागा शोधली. त्या माणसासमोर जाऊन बसलो. पन्नाशीचा असेल, काटकुळा, ओठ अजून निळे. "अहो भाऊ," मी म्हटलं, "मी एवढा बोंबलत व्हतो, तुमाला दिसत व्हतं होडी अंगावर येतीय. एक उडी मारायची व्हती पाण्यात. पोहता येतंय तुमाला. हललात का न्हाई?"

त्यानं चहा खाली ठेवला. जरासा ओशाळून हसला.

"मला वळखलं न्हाई व्हय तुमी?" तो म्हणाला. "म्या तुमाला लांबनंच वळखलं. तुमच्याच गाडीनं मासळीची पाटी घिऊन लोणावळ्याला जायाचो की. पार रस्त्याच्या मदी उभा ऱ्हायचो, तरी तुमी कदी कट मारून गेला न्हाई. बरूबर माझ्याम्होरं गाडी लावायचा." त्यानं व्याह्यांकडे बघून आवाज उतरवला. "ह्ये सायेब यकटं असतं तर म्या कवाच बुडी मारली असती. पन मागं तुमी बसलेलं दिसला. म्हनलं, आपलं डायवरभाऊ हाय, घेत्याल बाजूनं. म्हून हात केला."

तो दांडा उलटा चालतो, हे त्याला सांगायला मी तोंड उघडलं. माझे हात मांडीवर थडथड उडत होते आणि मला ते थांबवता येत नव्हते. त्यानं ते बघितलं. आपल्या अंगावरची चादर काढून माझ्या खांद्यावर घातली आणि विचारलं, "तुमाला कुटं लागलं का?"