जेसिंदाअक्काची हजेरी

जेसिंदाअक्काने सूड उगवला तेव्हा मी तिथेच होते. त्यात माझाही हात आहे आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही.

देशाच्या दक्षिण टोकाला, कोलचलच्या पुढे आमचा किनारा. समुद्रावरच्या बोटींना वाऱ्यावादळाची खबर द्यायला चर्चमागे वायरलेसची खोली आहे. नऊ वर्षांपूर्वी ती डायोनिसच्या ताब्यात होती. वादळाची सूचना आली, ती त्याने घाईघाईत एकदाच वाचली, वहीत 'सर्व बोटींना कळवले' असं लिहिलं आणि भाच्याच्या साखरपुड्याचं जेवण गाठलं. अक्काचा नवरा मरियदासन चार माणसं घेऊन बाहेर होता. पाचही जण गेले. त्या चारांत माझा धाकटा भाऊ विल्सन होता.

चौकशीत डायोनिसने वही पुढे केली. "मी सांगितलं होतं हो! मरियदासननं कानाडोळा केला. मासळीची हाव, दुसरं काय?" कुणाचं 'ऐकलं' असं उत्तर आलं होतं का, हे एकानेही विचारलं नाही. गावाने मानलं, मीही मानलं. अक्का नळावर आली की मी भरली-अर्धी कळशी उचलून चालू लागायचे. मेलेल्या माणसाची अब्रू रोज नळावर निघायची आणि ती बाई मुकाट ऐकायची.

पुढे डायोनिसने स्वतःची बोट घेतली. त्याची नोकरी अक्काने मागून घेतली. आमच्याकडे लग्न ठरलं की तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात. अक्का म्हणायची, "लग्नाला तीनदा, अन् मरणाला एकदाच होय?" ती प्रत्येक सूचना तीनदा वाचायची. मग एकेका बोटीचं नाव घेऊन हजेरी. लांबच्या बोटीला मधली बोट निरोप पोचवायची आणि तिचं उत्तरही आणायची. पोरं चेष्टा करत, "हजर, टीचर!"

"हजर नको मेल्या, वारा कुठून येणार ते सांग," अक्का डाफरायची. बोटीने सूचना परत म्हणून दाखवल्याशिवाय ती वहीत खूण करत नसे.

गेल्या नोव्हेंबरात दुपारी सूचना आली. अडतीस बोटी बाहेर होत्या. एकीवर माझा नवरा होता म्हणून मी खोलीतच बसले होते. सदतीस बोटींनी उत्तर दिलं. गप्प राहिली ती डायोनिसची, आणि तिच्यावर त्याचे दोन्ही मुलगे. लुंगी सावरत तो धावत आला.

"अक्का, पोरांनी ऐकलं का?"

"वहीत लिहू का, सर्वांना कळवलं म्हणून? लिहिते अन् जेवायला जाते. घरी कप्पाचे कंद उकडलेत, तारल्यांचं कालवण आहे."

तो हात जोडून जमिनीवरच बसला. खरं सांगते, माझ्या जिवाला गार वाटलं. पण अक्का जेवायला गेली नाही. ती त्याची बोट पुकारायची, उत्तराची वाट बघायची, एक टोमणा मारायची आणि पुन्हा पुकारायची. दोन तास हेच चाललं. चारच्या सुमारास मधल्या बोटीने कळवलं, "सापडले, अक्का! त्यांनी ऐकलं, वळले घराकडे."

डायोनिस डोळे पुसत उठला आणि दाराकडे निघाला. मी कडी लावली.

अक्काने माइक त्याच्यापुढे धरला. "सगळ्या बोटी ऐकतायत. त्या दिवशी कुणाचं उत्तर आलं होतं का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दारातून हलले नाही.

"नाही," तो माइकमध्ये म्हणाला. "मी एकदाच वाचलं. कुणाचंच उत्तर आलं नव्हतं. मरियदासनवर मी खोटा आळ घेतला."

अक्काने हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक नाव घेतलं की उत्तर येई, "ऐकलं, अक्का." सदतीस वेळा आलं. त्यात माझा नवराही होता. शेवटी डायोनिसच्या बोटीचं नाव घेतलं. मधल्या बोटीने त्यांचा निरोप आणला.

"अक्का, त्यांची पोरं म्हणतात, अप्पा काय बोलले ते नीट कळलं नाही."

अक्काने माइक पुन्हा त्याच्या हातात दिला.

"परत सांग."