शेरेबुकातल्या तीन ओळी

धानोऱ्याहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं चिठ्ठी हातात दिली आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचा दोस्त गेला." चिठ्ठी उघडायची गरजच उरली नाही. सुखदेव, शेजारच्या गावातल्या एकशिक्षकी शाळेचा मास्तर, चाळिशीही न गाठता गेला. हिवताप मेंदूत चढला होता. लोक म्हणाले, जंगलातला मलेरिया कोनाले सोडते? मीही मान हलवली. पण ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं महिनाभर माझ्या छातीवर बसलंय...

आम्ही दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो. सुखदेव म्हणजे बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर शाळेत गेलेला त्याच्या घरातला पहिला पोरगा. गावात पोरं गोंडी बोलणारी, म्हणून हा आधी स्वतः गोंडी शिकला. वजाबाकी शिकवायचा ती मोहफुलांवर. धडा संपला की विचारायचा, "जमला का गा?" पोरं ओरडायची, "जमला गुर्जी!" तेव्हा कुठं फळा पुसायचा. मी चिडवायचो, "अबे, मास्तर तू का थे पोरं?" तोही हसायचा. पण ती हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती, हे कळायला मला फार वेळ लागला. कोणी दोन शब्द बरे बोललं की हा आठवडाभर गुणगुणत फिरायचा. आणि पाटील न बोलता पुढून गेला, तर घरी येऊन ताट सरकवायचा. त्याची बायको यशोदाबाई म्हणायची, "भाऊ, यांचा चेहरा पाह्यला का मले समजते, आज गावात कोन का बोललं." स्वतःची किंमत या माणसानं कधी स्वतःजवळ ठेवलीच नाही.

एकदा त्याच्या शाळेच्या तपासणीला साहेब आले. आमच्याकडे रीत अशी, की साहेब शेरा सांगणार, शेजारच्या शाळेचा चांगल्या अक्षराचा मास्तर तो शेरेबुकात लिहिणार आणि साहेब खाली सही करणार. त्या दिवशी कोंबडीचं जेवण झालं, साहेब बाजेवर आडवे झाले. डोळे मिटूनच म्हणाले, "लिहा तुम्हीच काहीतरी बरं." सुखदेव बाहेर पोरांना रांगेत उभं करत होता. मी लिहिलं, "येथे मुले शिक्षकांना भीत नाहीत. शिक्षक मुलांची भाषा शिकले आहेत. असा शिक्षक मी पाहिला नाही." साहेबांनी न वाचता सही ठोकली. सुखदेवनं वाचलं आणि वही कपाळाला लावली. पुढं आठ वर्षं तो त्या तीन ओळींवर जगला. खचला की पेटी उघडून तेवढं पान वाचायचा.

गेल्या वर्षी नवे साहेब आले आणि लिहून गेले, "प्रगती सामान्य." झालं! सुखदेवचं जेवण सुटलं, बोलणं सुटलं. शाळा उघडायचा आणि खुर्चीत बसून राहायचा. मी सायकल मारत गेलो, परोपरीनं समजावलं. तो त्या जुन्या पानावर बोट ठेवून म्हणाला, "या साहेबानं ओळखलं होतं मले. तुले का समजते?" मला झोंबलं. तोंडातून निघून गेलं, "कायचा साहेब? घोरत होता थो! थे शब्द माझे हायेत."

त्यानं वही हळूच मिटली. "म्हंजे कोनीच नाई म्हटलं," तो म्हणाला. "कोनीच."

आणि मी कोण होतो रे, सुखदेव? वीतभर अंतरावरून तुला शिकवताना पाहणारा मी कोणीच नव्हतो? राग आला मला. तसाच निघून आलो. त्या तीन ओळींतलं एक अक्षरही खोटं नव्हतं, एवढं एकच वाक्य सांगायचं होतं. नाही सांगितलं. मेल्या माझ्या अहंकारानं सांगू दिलं नाही.

मग त्याला ताप आला. दवाखान्यात न्यायला यशोदाबाईनं गाडी जुंपायला माणूस बोलावला, तर सुखदेव म्हणाला, "माझ्यासाठी कोनाचे बैल कायले दमवता?" आरोग्यसेवकानं दिलेल्या गोळ्या नंतर कोनाड्यात तशाच सापडल्या.

आता आठवड्यातून तीन दिवस त्याची शाळा मीच सांभाळतो. परवा धडा संपवला, फळा पुसला, तरी पोरं हलेनात. "जा ना बे घरी," मी म्हटलं. पुढं बसलेली एक पोरगी म्हणाली, "तुमी विचारलं नाई, गुर्जी."

मी विचारलं, "जमला का गा?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. "नाई जमला, गुर्जी," ती पोरगी म्हणाली.

म्हणजे ही पोरं तोंडदेखलं बोलत नव्हती. त्याला रोज "जमला" म्हणत होती ती जमत होता म्हणून... मी खडू उचलला आणि धडा पहिल्यापासून सुरू केला.