एसटी न येणाऱ्या वस्तीचं विमान

विट्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी वळण घेत होती, तेवढ्यात अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल खिडकीतून आत फेकला. गाडी थांबायच्या आत माझी जागा धरून झाली होती. दारात ही रेटारेटी. एक पैलवानगडी माझ्या आधी चढला, त्या बाकापाशी पोचला, टॉवेल बघितला आणि मागं निघून गेला. टॉवेलावर माझं नाव नव्हतं, तरी तो कुणाचातरी आहे एवढं त्याला पुरलं. मी बसलो, टॉवेल परत खाली दिला. आई खिडकीखाली उभी होती. रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "कुणाच्या फुकटच्या पंगतीला बसू नगंस."

पुण्याहून रेल्वेनं गुवाहाटी. माणपासून आटपाडीपर्यंतच्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसांना हे नवीन नाही. आपली माणसं सोनं-चांदी गाळायच्या भट्ट्या घेऊन देशभर गेलेली आहेत. मी भट्टीवर नाही. सोन्याचा टंच काढायच्या मशीनवर बसतो. किती सोनं आणि किती भेसळ, ते मशीन सांगतं, मी लिहून देतो. इथल्या सराफ बाजाराच्या बोळात सकाळी लाल चहा पितो, तामूल-पान, म्हणजे ओली सुपारी आणि पान, खातो, गिऱ्हाइकाला 'टेन्शन मत लो' म्हणतो. आईशी फोनवर बोलताना मध्येच 'ठीक है' निघून जातं, मग तेच मी मराठीत परत म्हणतो.

आम्ही मेंढरं राखणारे. पण अण्णांनी मेंढरं भावाकडं सोपवून विट्याच्या छापखान्यात काम धरलं होतं. लग्नपत्रिका, दुकानांच्या पावत्या, आणि चळवळींची पत्रकं. खराब निघालेली पत्रकं ते घरी आणायचे आणि आमच्या भिंतीवर ती चिकटायची. पुसट शाईची, तिरकी कापलेली, दोनदा छापली गेलेली. पाण्यावर सगळ्यांचा सारखा हक्क. मत विकणारा पाच वर्षं विकला जातो. बाराखडीच्या आधी मी ही वाक्यं वाचायला शिकलो. मी गेल्यावर पुढच्याच वर्षी अण्णा वारले. भिंती तशाच आहेत.

आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. एसटी गावापर्यंत येते, वस्तीवर येत नाही, कारण ओढ्यावरची मोरी खचली आहे. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर पोरींनी अंधारात ओढा उतरून गावात यायचं आणि गाडी धरायची. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की शाळा बंद. दोन वर्षं अशी गेली की घरचे म्हणतात, राहू दे आता. किती पोरी अशा घरी बसल्या ते वस्तीत कुणी मोजत नाही, कारण प्रत्येक घरात एक आहेच. यंदा ग्रामपंचायतीला आमच्या वॉर्डात बाईची जागा आली आणि आईनं फॉर्म भरला. तिचं मागणं एकच: मोरी बांधा, सकाळची एसटी वस्तीवर आणा.

मी ठरवलं, मत द्यायला जायचं. रजा चार दिवसांची. रेल्वेनं तेवढ्यात जाऊन येणं होत नाही, म्हणजे विमानच.

आमच्या बिल्डिंगच्या खाली तिकिटांचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या रूपा बाइदेउ. बाइदेउ म्हणजे आपल्याकडची अक्का. त्यांनी मला विमानाच्या भाड्याचं गणित सांगितलं, आणि त्या दिवशी मी रात्री जेवलो नाही, इतका चिडलो. विमानातल्या जागा सारख्या, पण विकायला त्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात. पहिल्या कप्प्यातल्या थोड्या, स्वस्त. तो रिकामा झाला की दुसरा उघडतो, त्याहून महाग. मग तिसरा. 'या भावात दोनच जागा शिल्लक' असं दिसलं म्हणजे विमान भरलं असं नाही, तो कप्पा संपत आला. चार जागा स्वस्त उरल्या असताना पाच माणसांचं तिकीट एकदम मागितलं, तर पाचांनाही पुढच्या कप्प्याचा भाव दाखवतात. आपल्या एसटीत सरपंच बसो नाहीतर मेंढका, कंडक्टर सारखंच तिकीट फाडतो. एका बाकावर बसलेल्यांचं भाडं एक असावं, हा माझा आग्रह विमानानं मोडला नाही. तो मी अजून मनात धरून बसलोय.

वस्तीवरचा बाळूदादा इथंच भट्टीवर काम करतो. त्याची समजूत वेगळी. मी सारखा मोबाईलवर भाव बघायला लागलो की तो हात धरायचा.

"सारखं बघू नगंस. मेंढरू घ्याया गेल्याव सारखं एकाच मेंढराकडं बघत्यात व्हय? धनी भाव चढवतोय."

"दादा, असं नसतं रं. कप्पा संपला की भाव चढतो."

"आमी धनगर हाय गड्या. भाव कसा चढवायचा ते आमाला शिकवू नगंस."

आणि भाव खरंच चढला. एका दुपारी बघितलं तेव्हा दीडपट, संध्याकाळी जवळपास दुप्पट. मतदानाआधीच्या दोन दिवसांची पुण्याची सगळी विमानं महाग. रूपा बाइदेउ म्हणाल्या, "ग्रुप का सीट लिया है किसी ने." ग्रुप म्हणजे कुणीतरी थोडी अनामत भरून पुष्कळ जागा अडवून ठेवायच्या, माणसांची नावं नंतर द्यायची. ठरलेल्या दिवसापर्यंत नावं दिली नाहीत तर जागा परत कप्प्यात जातात आणि भाव उतरतो.

जागा कुणी अडवल्या हे विचारायची गरज नव्हती. आप्पाशेठ बाजारभर सांगत होते. आप्पाशेठ म्हणजे बाळूदादाचे मालक, आमच्याच गावचे. गावात जुनं पॅनेल त्यांच्या भावाचं, आईच्या विरोधात उभं. निवडणूक आली की आसाम-बंगालमधली आपली माणसं विमानानं गावाला न्यायची, बटण दाबून घ्यायचं, परत आणायचं. मला बोळात अडवून म्हणाले, "तुजं बी नाव घालतो. जा, आईला मत दे. आमची काय ना न्हाई. एका मतानं काय हुतंय?"

मी नाही म्हणालो. ज्या वस्तीला एसटी येत नाही, तिची मतं आणायला विमान. माझ्या आईला पाडायला निघालेली माणसं माझ्याच विमानात बसणार, आणि त्यांच्या जागांमुळं माझं भाडं दुप्पट होणार. त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मोबाईलवरच, पण अण्णांच्या पत्रकांसारखं: वर ठळक मथळा, खाली मुद्दे, शेवटी आवाहन. 'ज्या वस्तीला एसटी नाही, तिच्या मताला विमान कशाला?' आपल्या लोकांच्या सगळ्या ग्रुपवर टाकलं.

बाळूदादानं ते वाचलं आणि तो हसला. त्याची पोरगी आठवीत आहे. रोज तो ओढा उतरणाऱ्यांतली एक. दोन वर्षं त्यानं तिला बघितलं नव्हतं. आप्पाशेठच्या कच्च्या यादीत त्याचं नाव होतं.

"मी जानार."

"आप्पाशेठच्या तिकिटावर?"

"व्हय की. तिकीट त्यांचं, बोट माजं. मत तुज्या आईलाच. यष्टी माज्या पोरीला पायजे, आप्पाला न्हाई."

"दादा, हे फसवणं झालं."

"त्यांनी आमास्नी फसवायचं, आमी न्हाई? कुठल्या पत्रकात लिवलंय रं ह्ये?"

फुकटच्या पंगतीबद्दल आईनं सांगितलेलं मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "तुजी आई पोराला बघाया दोन वर्सं थांबली का कवा?" थांबली होती. चार वर्षं.

मी थांबायचं ठरवलं. जागा अडवल्या आहेत, नावं दिलेली नाहीत. कुणाकुणाला न्यायचं हे अर्ज मागं घ्यायचा दिवस गेल्याशिवाय आप्पाशेठ ठरवणार नाहीत. तोवर चढा भाव द्यायचा नाही.

अर्ज मागं घ्यायच्या दिवशी दुपारनंतर मी मशीनवरच मोबाईल उघडला आणि उडालोच. भाव पडला होता. पहिल्या दिवशी होता त्याच्या आसपास. 'या भावात चार जागा शिल्लक.' ग्रुपच्या जागा परत आल्या होत्या! मला एकच अर्थ दिसला: माणसांनी नावं दिली नाहीत. आपली माणसं विकली गेली नाहीत. पत्रक चाललं. अण्णा, तुमच्या पोराचं पत्रक चाललं! मी लगेच तिकीट काढलं, पैसे परत न मिळणारं, कारण तेच सगळ्यात स्वस्त. आणि हातातलं काम ठेवून भट्टीकडं पळालो.

बाळूदादा भट्टीपासून लांब, पायरीवर बसला होता.

"दादा! सगळ्यांनी तिकिटं नाकारली!"

त्यानं वर बघितलं. "कुनी नाकारली? आप्पानं सोडून दिली. इलेक्शनच न्हाई गड्या. बाकीचं वॉर्ड आदीच मिटलं हुतं, आता समदं बिनविरोध झालं. तुज्या आईनं फॉर्म काढून घेतला."

माझ्या गावात काय झालं ते आधी विमान कंपनीला कळलं होतं. मला ते आकड्यात दिसलं आणि मी ते उलटं वाचलं.

आईला फोन लावला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"अगं, फॉर्म काढलास?"

"काढला."

"धमकी दिली कुणी?"

"मला कोन धमकी देतंय? देवळात बसलो समदी. आप्पाच्या भावानं, त्याच्या पॅनेलवाल्यांनी बिरोबाम्होरं भंडारा उचलला. मोरी बांधनार, जूनला शाळा भरायच्या आत यष्टी वस्तीवर आननार. माजं दुसरं काय मागनं हुतं?"

"पण लोकांनी ठरवायला नको? मत द्यायला नको?"

"तुला इलेक्शन पायजे हुती. मला यष्टी पायजे हुती."

"फुकटच्या पंगतीला बसू नको म्हणाली होतीस मला."

"फुकट कुटं? उमेदवारी दिली की."

"अण्णांनी काय लावलंय भिंतीवर ते—"

"अण्णांचं कागद मी खळ लावून चिकटवलं हुतं," आई म्हणाली. "मला वाचून दावू नगंस."

फोन मी ठेवला की तिनं, आठवत नाही. भंडारा म्हणजे देवापुढची हळद. ती कपाळाला लावून दिलेला शब्द आमच्यात मोडत नाहीत, असं म्हणतात. पण पत्रकावर वाढलेल्या माणसाला हळदीवर कसा विश्वास बसावा? छापलेलं चारचौघांना वाचता येतं. हळद पुसली जाते.

बाळूदादाला म्हणालो, अजून स्वस्त जागा आहेत, तुझं तिकीट काढतो. त्यानं मान हलवली. आप्पाशेठनी रजा दिली होती ती मतासाठी. मत नाही, रजा नाही. "इलेक्शन झाली असती तर पोरीला बघितलं असतं," एवढंच तो म्हणाला. माझ्या आईवर राग नव्हता त्याचा. माझ्यावरही नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं.

मी गेलो. तिकीट परत होत नव्हतं म्हणून नाही. आईचं तोंड बघायचं होतं म्हणून. माझ्या शेजारच्या दोन जागा रिकाम्या होत्या. जिथं बाळूदादा बसला असता तिथं मी पिशवी ठेवली, मग हवाईसुंदरीनं ती वर ठेवायला लावली. रिकामी जागासुद्धा धरून ठेवता येत नाही तिथं.

घरी आईनं बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं केलं. पहिल्या दिवशी आम्ही निवडणुकीवर बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला ओढ्यावर घेऊन गेली. मोरीच्या अलीकडं मुरमाचा एक ढीग पडला होता. बाळूदादाची पोरगी दप्तर डोक्यावर घेऊन ओढ्यातून गावाकडं चढत होती, मागं आणखी तिघी.

"मुरूम पडला नव्हं?" आई म्हणाली.

"एक ट्रॉली."

"एक तर एक. तुज्या अण्णांनी येवढी पत्रकं छापली. एक ट्रॉली पडली हुती का कवा?"

मी तिच्याकडं बघितलं. ती ढिगाकडं बघत होती. तिलाही खात्री नव्हती. ते मला त्या क्षणी कळलं आणि माझा राग कुठं ठेवावा ते समजेना. पत्रकानं ट्रॉली येत नाही हे खरं. पण ट्रॉली थांबली तर विचारायला पंचायतीत आता आमचं कुणी नाही, हेही खरंच.

परत आलो त्याला आता काही महिने झाले. शाळा भरल्या. मोरीला एका बाजूनं भिंत आली आहे, दुसऱ्या बाजूचं काम थांबलंय. एसटी अजून गावापर्यंतच येते. बाळूदादा रोज सकाळी लाल चहाच्या वेळी विचारतो, "आली का रं?" मी मान हलवतो. मी नवं पत्रक लिहिलंय, मोरीचा फोटो घालून, भंडारा उचलणाऱ्यांच्या शब्दासकट. आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छाप. आन चार मला धाड. खळ हाय घरात."

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या गेलेल्यांनो, मी अजून विमानाचा भाव बघतो. पूर्वी भाव पडला की घर जवळ आल्यासारखं वाटायचं. आता एकदम पडला की मी आधी आईला फोन लावतो. गावात कुणीतरी काहीतरी मिटवलं असणार, आमची गरज संपली असणार, असं वाटतं.

काल फोनवर आई म्हणाली, "यष्टी आली की पैल्या दिशी मी अण्णांचा टॉवेल टाकून जागा धरनार."

"वस्तीवरनं सुटणारी गाडी ती, आई. रिकामीच असणार. टॉवेल कशाला?"

"रिकामी का आसंल? पोरी बसत्याल की."

"मग तू कुणासाठी धरणार?"

मागं मेंढरांच्या गळ्यातली घंटी वाजत होती.

"बाळूला आन तुला," ती म्हणाली. "कवा येताय ते सांगू नगा. टॉवेल असंल तितं."