माझ्या शब्दाविरुद्ध माझं मत

मच्छीमारांच्या सुरक्षा-पुस्तिकेसाठी मराठी शब्द ठरवणाऱ्या समितीवर मला घेतलं, तेव्हा मला जराही नवल वाटलं नाही. रत्नागिरीत मराठीचे निवृत्त मास्तर पुष्कळ आहेत, पण माझ्याइतका हट्टी एकही नाही.

तयारी म्हणून मी हिब्रूबद्दल वाचलं. शतकानुशतकं पोथ्यांत आणि प्रार्थनेत राहिलेली ती भाषा आज बाजारात भाव करते. तिच्यासाठी कायद्याने नेमलेली संस्था आहे. नवा शब्द हवा असला की आधी जुने ग्रंथ धुंडाळायचे, मग त्या त्या धंद्यातल्या जाणकारांना विचारायचं आणि शेवटी सभेत मत घ्यायचं. एवढं करूनही काही शब्द लोक खुशाल धुडकावतात म्हणे. मला ही रीत बेहद्द आवडली. पहिली पायरी मी चोख चढलो. भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या दिवसांना कोश उघडून ‘क्षीणवेलाकाल’ असा शब्द घडवला. अध्यक्ष ‘वा!’ म्हणाले आणि मी फुलून गेलो.

दुसरी पायरी राहिली होती. शेवटच्या बैठकीच्या आदल्या दिवशी मसुदा घेऊन बंदरावर गेलो. होडीवरचा प्रमुख, म्हणजे तांडेल, जाळं दुरुस्त करत बसला होता. माझाच जुना विद्यार्थी. पुस्तिका त्याच्यासारख्यांसाठीच होती. तिच्यातली सूचना कळली नाही, तर जीव त्यांचा जाणार. त्याने माझा शब्द दोनदा वाचला.

“गुरुजी, ह्ये काय लिवलंव?”

मी अर्थ सांगितला.

“म्हंजे भांगाची भरती! मग तसंच लिवा की.” तो हसला. “शाळंत मी निबंधात लिवलेलं. तुमी लाल रेघ मारलीव. ही कसली भाषा, म्हनलाव.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र ती रेघ आठवतसुद्धा नव्हती, आणि तेच जास्त झोंबलं. अशा किती वह्या मी तपासल्या असतील! लाज वाटली. तिथेच त्याची माफी मागितली आणि मसुदा त्याच्यासमोर ठेवून पानन् पान विचारत बसलो.

दुसऱ्या दिवशी बैठकीत ‘भांगाची भरती’ सुचवली. अध्यक्ष चक्रावले. “अहो, पण आधीचा शब्द तुमचाच ना?”

“माझाच,” मी म्हणालो, “पण समुद्रावर जाणारे ते आहेत.”

मत घेतलं, तेव्हा माझ्या शब्दाविरुद्ध पहिला हात मीच वर केला.