वर्नाचा चारशे वॅटचा हट्ट

जानेवारीत अमेरिकेतल्या मिलवॉकीतले लोक ऊब शोधत फिरतात. वर्ना नोवाक तळघरात जाऊन आपल्या जिवंत प्रवाळांच्या काचेच्या टाकीपाशी बसायची. टाकीवर मेटल हॅलाइडचा, म्हणजे एकाच मोठ्या तापणाऱ्या बल्बचा, जुन्या पद्धतीचा चारशे वॅटचा दिवा टांगलेला. त्याची धग अशी की तिचा नवरा लेस्टर तिथेच मोजे वाळत घालायचा. तीस वर्षं शाळेची बस हाकलेली ही बाई. बर्फातून गाडी कशी काढायची हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि दिवा कोणता लावावा हेही कुणी शिकवलेलं तिला खपत नसे.

प्रवाळ पाळणाऱ्यांच्या क्लबातले बाकी सगळे एव्हाना एलईडीवर गेले होते. अध्यक्ष कर्टिस हाउगन दर बैठकीत तिची खोडी काढायचा.

"वर्ना, अगं तो दिवा आहे की शेगडी? सॉसेज भाजून घे त्यावर!"

"भाजीन की. तुझ्या त्या फोनवरून चालणाऱ्या दिव्याखाली लोणीसुद्धा वितळायचं नाही!"

तिचं म्हणणं साधं होतं. सूर्य एकच असतो, मग टाकीवर एलईडीच्या शंभर टिकल्या कशाला? एका जागेवरून उजेड आला की पाण्याच्या लाटांचे कवडसे वाळूवर नाचतात, आणि तिच्या निळ्या प्रवाळाला अठरा वर्षं तोच उजेड मानवला होता. हरणाच्या शिंगांसारखं फांद्या फुटलेलं ते प्रवाळ तिचा जीव की प्राण. त्याचे तुकडे अर्ध्या क्लबात वाढत होते. क्लबाची रीतच तशी: आपलं प्रवाळ मेलं, तर ज्याला तुकडा दिला त्याच्याकडे मागायचा, आणि त्याने नाही म्हणायचं नाही.

बल्ब खरं तर वर्षाने बदलायचा असतो. पण तो आता दुकानांतून गायब झाला होता, म्हणून तिने जुनाच दोन वर्षं रेटला. अखेर एका दुकानदाराच्या माळ्यावर नवा सापडला. वर्नाने जिंकल्याच्या थाटात तो त्याच उंचीवर बसवला. चूक झाली ती इथे. म्हातारा बल्ब हळूहळू मंदावतो. माणसाच्या डोळ्यांना ते कळत नाही, पण प्रवाळ त्या मंद उजेडाला सरावतं. एकदम पुरा उजेड पडला, आणि चौथ्या दिवशी अकरा फांद्या हाडासारख्या पांढऱ्या पडल्या.

बातमी लपते कुठे! कर्टिस दुसऱ्याच दिवशी दारात हजर. एका हातात पाण्याच्या पिशवीत निळा तुकडा, दुसऱ्या हातात एलईडीचं खोकं.

"घे. तुझंच आहे. पण आता हा दिवा लाव, हट्ट सोड."

वर्नाला रडू येत होतं, आणि त्याच्यापुढे ते येतंय याचा संतापही.

"तुकडा दे म्हणून मी मागितला? माझं मेलेलं नाही अजून. मेलं तर स्वतः येईन मागायला, आणि याच दिव्याखाली लावीन. खोकं घेऊन जा!"

"अगं, तुझ्या हट्टापायी ते बिचारं मरेल!"

"मग मी रडेन. तू नको रडूस."

तो गेल्यावर तिने दिवा हातभर वर उचलला. खिडकीची डास अडवणारी जाळी कापून तिचे पाच थर टाकीवर अंथरले, आणि पाच-पाच दिवसांनी एकेक थर काढत गेली. लेस्टर एवढंच म्हणाला, "तू जेवलीस का?" ती जेवली नव्हती.

पुढच्या महिन्यात चर्चच्या तळघरात बैठक भरली. कर्टिसने विचारायच्या आत वर्ना उभी राहिली.

"आठ फांद्या मेल्या. नवा बल्ब जुन्याच्या उंचीवर लावला, तो मीच. लिहून घ्या, म्हणजे दुसरं कुणी ते करणार नाही. दिव्याने काही केलेलं नाही."

कुणी हसलं नाही. कर्टिसने खाली मान घालून विचारलं, "आणि उरलेल्या तीन?"

"पांढऱ्याच्या तपकिरी झाल्यात, म्हणजे जीव धरलाय. टोकांना निळं दिसतंय," वर्ना म्हणाली. "त्या दुकानदाराकडे असे अजून चार बल्ब आहेत. चारही मी माझ्यासाठी राखून ठेवायला सांगितलेत."