देवीच्या आसनाखालचे ग्रंथ

प्राचार्यांनी बोलावलं तेव्हा त्यांच्या टेबलावर एक रंगीत चित्र पडलं होतं. चित्रात गोल मेजं, जागोजागी प्लगपॉइंट आणि बसायला रंगीबेरंगी फुगीर गाद्या. डिचोलीतल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातला संदर्भ विभाग आता ‘लर्निंग स्पेस’ होणार होता. कपाट एकच, तेही कोपऱ्यात, आणि त्यात फुलझाडाची कुंडी.

‘कुंडी काढू हवी तर,’ ते म्हणाले. ‘या कपाटात मावतील तेवढे संदर्भग्रंथ ठेवा, बाकीचे रद्दीत. तुमचे ग्रंथ तिथं असतील, कुणी ते मागत असेल, तोवर तुमचं टेबल तिथं राहील. नाहीतर तुम्हाला ऑफिसात प्रवेशाच्या खिडकीवर घेऊ.’

बोलले अगदी गोडीनं. प्रवेशाच्या खिडकीवर बसणं वाईट नाही, पण तिथं कुणीही बसू शकतं. उभा जन्म मी शब्दकोश, गॅझेटियर आणि नकाशे यांच्यात काढलेला. घरी न्यायला मिळत नाहीत म्हणून मुलं पूर्वी ते माझ्यासमोर बसून उतरून घ्यायची आणि सतरा प्रश्न विचारून माझं डोकं उठवायची. हल्ली मला एकच प्रश्न येतो, ‘मॅडम, वायफायचा पासवर्ड?’ काळ बदलला हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, म्हणूनच तर भीती वाटत होती.

निवड करताना जीव मेटाकुटीला आला. शेवटी पोर्तुगीज अमदानीतली गॅझेटियरं, जाडजूड पोर्तुगीज शब्दकोश आणि वनस्पतींचे खंड ठेवायचे ठरवले. रॅकवरच्या रद्दीत मिसळू नयेत म्हणून ते सुतळीनं नीट बांधले आणि खिडकीखाली धुतलेला पंचा अंथरून त्यावर रचले. दुसऱ्या दिवशी अंगात कसकस होती म्हणून मी पेडण्याला घरीच राहिले.

त्यानंतरच्या दिवशी कॉलेजात सरस्वतीपूजन होतं. मी आधी वर गेले. रॅक रिकामे. खिडकीखालीही काही नाही, पंचासुद्धा नाही.

वॉचमन बेळगावकडचा. म्हणाला, ‘मॅडम, काल रद्दीचा टेंपो आलता की. सगळं भरून नेलं बघा.’

मी रद्दीवाल्याला फोन लावला. त्याने सांगितलं, माल सकाळीच घाटावर गेला. मी जिन्याच्या पायरीवर बसले. कपाटात ठेवायला आता ती कुंडीच उरली होती.

खाली सभागृहात आरतीची तयारी चालली होती. आमचे हेडक्लार्क नार्वे गावचे, वयाने वडीलधारे, पूजा दरवर्षी तेच सांगतात. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, तेव्हा मी खिडकीखालच्या पुस्तकांचं भडाभडा सगळं सांगून टाकलं.

‘जनेलाकडली पुस्तकां?’ ते थांबून म्हणाले. ‘काल टेंपो येवच्या आदीं पोरांनी आसनाक वयरसून पुस्तकां हाडली खरी. खंयची, ती देवीकच ठावक.’

देवी उंच आसनावर बसली होती आणि आसनावरून रेशमी साडी जमिनीपर्यंत सोडलेली. साडीच्या आत मुलांनी वरून आणलेली पुस्तकं होती, पण माझी की रॅकवरची रद्दी? सजावट करणारी मुलं रात्री जागून घरी झोपायला गेलेली. मी साडीच्या काठाकडे हात नेला.

‘बाय, देवी बसली आसा. उत्तरपूजेपर्यंत हात लावचो नाय,’ ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, तरी मी हात मागे घेतला.

खरं सांगायचं तर मला त्यांचं म्हणणं सोयीचंच वाटलं. साडी उचलली नाही तोवर माझे ग्रंथ आत असू शकत होते. आरतीत सगळे विद्या मागत होते आणि मी डोळे मिटून शब्दकोश मागत होते. संध्याकाळी बसमध्ये प्रवेशाची ती खिडकीच डोळ्यांसमोर येत राहिली.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली. हेडक्लार्कांनी मूर्ती उचलली, कुणीतरी साडी ओढली. सुतळीची गाठ माझी होती. खालचा पंचाही माझाच. मी तिथेच फतकल मारून बसले आणि सगळ्यांसमोर रडले.

‘बांदून, धुतलेल्या पंचार दवरलेली,’ हेडक्लार्क म्हणाले. ‘पोरांका पूजेचीच दिसली.’ आमच्याकडे पूजेला पुस्तकं तशीच बांधून पंचावर मांडतात. बांधताना हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

कपाट भरलं. नवी खोली सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात ती गजबजली. मुलं गाद्यांवर लोळून प्रोजेक्ट करतात, हसतात, चहा सांडतात. जुन्या विभागात इतकी मुलं मी कधी पाहिली नव्हती. पण कपाटाची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये तशीच पडून राहिली. प्राचार्य येता-जाता कपाटाकडे बघत, मग माझ्याकडे, आणि निघून जात. त्यांची पावलं वाजली की मी उगाच काहीतरी लिहायला घेई. ग्रंथ रद्दीतून वाचले होते, माझी भीती काही गेली नव्हती.

मग एके दुपारी पेडण्याकडची एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली. ‘मॅडम, त्या कपाटातला एक जाड पुस्तक मिळात काय?’

मी इतक्या घाईने उठले की खुर्ची पडली. शब्दकोशाचा पहिला खंड काढून तिच्या हातात दिला, कुठला शब्द हवाय तेही विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली, तो मेजावर आडवा ठेवला आणि त्यावर लॅपटॉप चढवला. मग मागे सरून बघितलं.

‘आणखी एक होयो,’ ती म्हणाली. ‘स्क्रीन अजून खाली पडता.’

दारात प्राचार्य उभे होते. मी दुसरा खंड काढून दिला.