कुडपणची सुनंदा आणि कोरी चिप

सुनंदाला "छान जमलं" म्हटलं की ती हमखास नाक मुरडायची. प्रयोगाचं उत्तर पुस्तकाशी जुळलं की बाकीची मुलं चहाला पळायची. ही मात्र सगळं सुटं करून पुन्हा जोडायला बसायची. "सर, एवढं बरं आलंय, म्हणजे कुठंतरी चुकलंय," हे तिचं ठरलेलं वाक्य. पोलादपूरच्या कॉलेजात मी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं, पण अशी संशयी बया दुसरी भेटली नाही.

पुढे ती पुण्याला संशोधनाला गेली. तिचं काम मी गावकऱ्यांना असं समजावायचो: चिपवर उजेडाचा पाट असतो, केसाहूनही बारीक. त्यावर अर्धवाहकाचा एका रेणूच्या जाडीचा पापुद्रा चिकट ठशाने उचलून अंथरायचा. दुधावरची साय न मोडता दुसऱ्या भांड्यात ठेवावी, तसं. पाटातला उजेड पापुद्र्याने शोषला की त्याची वीज करता येते. सुनंदाच्या चिपमध्ये उजेड चांगलाच कमी झाला, पापुद्रा काम करतोय, अशी बातमी आली आणि कुडपणकरांना आभाळ ठेंगणं झालं. गावच्या मुंबईकर मंडळाने एसटी स्टँडवर तिच्या फोटोचा बॅनर लावला, देवळात सत्कार ठरवला.

मी तिला आणायला वीर स्टेशनवर गेलो. रिक्षात बसताच ती म्हणाली, "सर, ते खरं नाही. मी कोऱ्या चिपवर नुसता ठसा लावून उचलला, पापुद्रा न ठेवता. उजेड तिथेही तेवढाच कमी झाला. ठशाचा चिकटा मागे राहतो, त्याने उजेड विखुरतोय."

"गाईडना सांगितलंस?"

"कालच. आता गावाला सांगायचंय."

"अगं, तिथे कुणाला कळणार आहे?"

"नाही कळणार, म्हणूनच."

देवळात माइक हातात घेऊन तिने सरळ सांगितलं, "ज्या कामासाठी शाल देताय, ते काम अजून झालेलं नाय. माझी चूक झाली." मंडळाचे सेक्रेटरी शाल हातात धरून माझ्याकडे बघायला लागले. आता ही शाल तबकात परत ठेवायची की काय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

मागच्या रांगेतून तिचे वडील उठले. नाचणी-वरीची शेती करणारा, चार माणसांत कधी तोंड न उघडणारा माणूस. त्यांनी सेक्रेटरींच्या हातातली शाल घेतली आणि लेकीच्या खांद्यावर घातली. "बी रुजलं नाय तर नाय म्हनायचं. त्यात लाजायचं काय गो?" मग लोकांकडे वळून म्हणाले, "चूक सांगाया एवढ्या लांबून आली पोर. ही शाल त्याची हाय." टाळ्या पडल्या. मला तिचा इतका अभिमान तिच्या कुठल्याही निकालाच्या दिवशी वाटला नव्हता.

पुढे चिकटा घालवायची रीत तिला सापडली. नुसता ठसा लावलेल्या कोऱ्या चिपमधून उजेड अख्खा बाहेर आला आणि पापुद्र्याच्या चिपमध्ये खरोखर शोषला गेला. मंडळाने लगेच नव्या सत्काराचा बेत केला आणि सेक्रेटरी वडिलांना विचारायला कुडपणला चढून गेले.

"कशाला?" वडील म्हणाले. "तिचा सत्कार झालाय."